अमेरिकेत घरी लाकडी विमान बांधायचंय? एफएएची पात्रता, कागदपत्रं आणि इन्स्पेक्शनची माहिती

जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा विमानांचा मेळा उरकला की मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, की गॅरेजमध्ये विमान बांधून खरंच उडवता येतं का, परवानगी कोण देतं, कागद काय काय लागतात. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं, म्हणजे इथल्या एफएए या सरकारी विमान खात्याच्या नियमांचं आहे हां. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांच्या विमानाला भारताच्या विमान खात्याने, डीजीसीएने, २०१७ मध्ये रजिस्ट्रेशन दिलं, पण तिथले नियम वेगळे, त्यात मी शिरत नाही.

उदाहरण म्हणून फ्लाय बेबी धरू. बोइंगमध्ये काम करणाऱ्या पीट बॉवर्सचं हे डिझाइन, १९६२ मध्ये ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या डिझाइन स्पर्धेत पहिलं आलेलं. एका माणसाचं, सगळं लाकडी, पंख केबलने ताणलेले आणि मागे दुमडता येणारे, ६५ हॉर्सपॉवरच्या काँटिनेंटल इंजिनावर आरामात चालणारं. पीटनपोल एअर कॅम्पर किंवा दुसरं कुठलं लाकडी विमान घेतलंत तरी कागद जवळपास हेच.

पहिली गोष्ट, बांधायला सुरुवात करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. लाकूड आणा, ग्लू लावा, कोणी विचारत नाही. पायलट लायसन्सही बांधायला लागत नाही, उडवायला लागतं (आणि फ्लाय बेबी टेलव्हीलवालं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं आहे, त्यामुळे टेलव्हील एन्डॉर्समेंट म्हणजे लायसन्सवरची वेगळी नोंदही आली). पण आपली लोकं इथेच फसतात, परवानगी नको म्हणजे कागद नको असं समजतात आणि सगळं तयार झाल्यावर शेवटच्या महिन्यात फोटो शोधत बसतात. कागद विमानाबरोबरच वाढला पाहिजे.

पात्रतेचं बघू. कॅटेगरी आहे एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी माणसाने बांधलेलं विमान. नियम असा की विमानाचा मोठा भाग, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनी स्वतः केलेलं असावं. यालाच सगळे ५१ टक्के रूल म्हणतात. ही टक्केवारी पैशांची नाही आणि तासांचीही नाही, कामांची आहे. इंजिन, प्रोपेलर, चाकं, इन्स्ट्रुमेंट विकत आणली तर त्यात काही बिघडत नाही, पेंट आणि सीटचं काम बाहेर दिलं तरी चालतं. मित्रांनी मिळून बांधलं तरी चालतं, सगळे हौशी असले म्हणजे झालं. प्लॅनवरून काठी काठी जोडून बांधणाऱ्याला ५१ टक्क्यांची चिंता नसतेच, ती किटवाल्यांना, म्हणजे कंपनीचे अर्धवट तयार भाग आणून जोडणाऱ्यांना. पैसे देऊन कारागिराकडून बांधून घ्यायचं आणि स्वतः बांधलं म्हणून सही करायची हा प्रकार मात्र करू नका, ८१३०-१२ या फॉर्मवर तुम्ही पात्रतेचं लेखी स्टेटमेंट देता आणि तिथे खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागू होणारा मुद्दा, जो कोणी आधी सांगत नाही. विमान तुमच्या नावावर रजिस्टर व्हायला तुम्ही अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले पाहिजेत. एच-१बी वर असाल तर बांधता येईल, टीएसए या सुरक्षा खात्याची मंजुरी काढून फ्लाइंगही शिकता येईल, पण रजिस्ट्रेशन स्वतःच्या नावावर होणार नाही. दोघांच्या नावावर करायचं तर दोघंही पात्र लागतात, एकाचं चालत नाही. ट्रस्टच्या नावावर विमान ठेवायचा मार्ग आहे, पण त्याला खर्च आहे आणि वकिलाशी बोलल्याशिवाय त्यात पडू नये. आणि नंतर दरवर्षीची तपासणी स्वतः करायची तर जे रिपेअरमन सर्टिफिकेट लागतं त्यालाही हीच सिटिझन किंवा ग्रीन कार्डची अट आहे. ग्रीन कार्डची रांग केवढी आहे ते तुम्हाला मी काय सांगू, पण लाकडी विमानाला तशीही वर्षं लागतात, सुरू करायला हरकत नाही.

बिल्डर्स लॉग म्हणजे कामाची वही. ही सगळ्यात महत्त्वाची. पूर्वी कापड चढवायच्या आधी सरकारी इन्स्पेक्टर यायचा, आता तसं नाही, तो एकदम शेवटी येतो आणि तोपर्यंत अर्ध्या गोष्टी बंद झालेल्या असतात. बंद पंखातला ग्लू त्याला दिसणार नाही, त्याला तुमची वही आणि फोटो दिसणार. म्हणून स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईसाठी, स्प्रूसचं लाकूड आलं की आधी त्याच्या टोकाचा फोटो काढा, पट्टी ठेवून, झाडाच्या वर्षावर्षाच्या वाढीच्या रेघा मोजता येतील असा. एका इंचात किमान ६ रेघा हव्यात, आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषेचा तिरपेपणा १५ इंचात १ इंचाच्या वर नको, हे एफएएच्याच ४३.१३-१बी या सर्क्युलरमध्ये आहे. बिल जपून ठेवा, लाकडाचं, प्लायवुडचं, बोल्टचं, सगळ्यांचं.

ग्लूचं तर आणखीच. प्रत्येक वेळी ग्लू कालवला की त्यातूनच दोन वाया गेलेले तुकडे एकमेकांना चिकटवायचे, त्यावर पेन्सिलने तारीख, तापमान आणि कुठल्या जोडासाठी ते लिहायचं, आणि पूर्ण वाळल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडायचे. लाकूड फाटलं आणि दोन्ही बाजूंना तंतू लागलेले दिसले तर जोड चांगला. ग्लूच्या रेषेवर गुळगुळीत सुटला तर त्या दिवसाचं काम संशयास्पद, मग ते कितीही सुंदर दिसू दे. रेसॉर्सिनॉल ग्लूला साधारण ७० डिग्री फॅरनहाइट आणि घट्ट बसणारा जोड लागतो, टी-८८ इपॉक्सी थंडीत जास्त सांभाळून घेतं, मिनेसोटा विस्कॉन्सिनकडच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुटलेले तुकडे फेकू नका, खोक्यात ठेवा. मला विचाराल तर हे खोकं कुठल्याही फॉर्मपेक्षा वजनदार पुरावा आहे. ईएएचे टेक्निकल काउन्सेलर म्हणजे जाणकार सल्लागार असतात, मेंबरकडे फुकट येऊन बघून जातात, त्यांना पंख उघडे असताना बोलवा आणि भेटीची नोंद वहीत घ्या.

मग रिगिंग, म्हणजे पंख आणि कंट्रोल जुळवणं. पंख लावले, केबल ताणल्या, की डायहेड्रल (पंखाचा वरच्या दिशेने असलेला कोन) दोन्ही बाजूंना किती, कंट्रोल किती अंश वर किती खाली, हे मोजून कागदावर. केबल ताणायच्या टर्नबकलच्या बाहेर ३ पेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत आणि प्रत्येकाला सेफ्टी वायर हवीच, इन्स्पेक्टर हे एकेक करून वाकून बघतो. स्टिक डावीकडे नेली की डावं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) वर गेलं पाहिजे. हसू नका, केबल उलट्या जोडल्या गेल्यामुळे माणसं गेली आहेत. वजन करायचं ते दार बंद करून, वारा नको, शेपटी स्टँडवर उचलून विमान लेव्हल करून, तिन्ही चाकांखाली काटे. त्यावरून वेट अँड बॅलन्सचा, म्हणजे वजन आणि तोलाचा रिपोर्ट, तो अर्जाबरोबर लागतोच.

रजिस्ट्रेशन ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीकडे होतं, विमान पूर्ण व्हायच्या दोन-चार महिने आधी पाठवा. त्यात फॉर्म ८०५०-१, मालकीचं अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे ८०५०-८८, ते नोटरी केलेलं, आणि फी ५ डॉलर. किट असेल तर किट कंपनीचं बिल ऑफ सेलही. आवडीचा एन नंबर (विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर) राखून ठेवायचा तर १० डॉलर वेगळे. मेकर म्हणून तुमचंच नाव लागतं, सेसना बोइंगच्या यादीत मेकर कुलकर्णी, मॉडेल फ्लाय बेबी. सीरियल नंबरही तुम्हीच ठरवायचा. फक्त नाव आणि नंबर सगळ्या फॉर्मवर आणि डेटा प्लेटवर, म्हणजे विमानावरच्या ओळखीच्या पाटीवर, अगदी सारखे पाहिजेत, एका ठिकाणी डॅश आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की इन्स्पेक्शन अडकतं. डेटा प्लेट आगीत न जळणारी, स्टेनलेस स्टीलची. दाराशी किंवा कॉकपिटशी एक्सपेरिमेंटल हा शब्द २ ते ६ इंच उंचीच्या अक्षरांत.

एअरवर्दीनेस म्हणजे उडण्यायोग्य असल्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज ८१३०-६, आता तो ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. सोबत ८१३०-१२, वेट अँड बॅलन्स, तीन बाजूंचं ड्रॉइंग किंवा फोटो, आणि टेस्ट फ्लाइंग कुठे आणि कसं करणार याचं पत्र. लॉगबुकमध्ये तुमच्या सहीने नोंद हवी की विमान तपासलं आणि सुरक्षित उडण्याच्या स्थितीत आहे. इन्स्पेक्शन एफएएचा माणूस करेल किंवा डीएआर, म्हणजे एफएएने नेमलेला खाजगी प्रतिनिधी. पहिला फुकट पण वाट बघायला लावू शकतो, दुसरा फी घेतो पण तुमच्या सोयीने येतो. त्या दिवशी काऊलिंग (इंजिनावरचं झाकण), फेअरिंग (सांध्यांवरची आवरणं), इन्स्पेक्शनची झाकणं सगळी उघडी ठेवा, तो पाना हातात घेणार नाही.

पास झालं की गुलाबी रंगाचं ८१३०-७ हे एअरवर्दीनेस सर्टिफिकेट आणि ऑपरेटिंग लिमिटेशन्स म्हणजे उडवण्याच्या अटी मिळतात, ही दोन्ही रजिस्ट्रेशन आणि वजनाच्या कागदासोबत विमानात ठेवायचीच. लगेच कुठेही जाता येत नाही. आधी फेज वन, ठरवून दिलेल्या हद्दीत टेस्ट फ्लाइंग. सर्टिफाइड इंजिन आणि त्याला मंजूर प्रोपेलर असेल तर सहसा २५ तास, फोक्सवॅगन किंवा दुसरं गाडीचं इंजिन लावलं तर ४०. हल्ली तासांऐवजी ठरावीक टेस्ट पूर्ण करण्याचाही पर्याय आहे, अर्ज करतानाच डीएआरला विचारून घ्या. या काळात पाहुणे बसवायचे नाहीत, फ्लाय बेबीत तर जागाच नाही. एका माणसाच्या विमानाला ईएलटीची, म्हणजे अपघातात सिग्नल देणाऱ्या ट्रान्समीटरची सक्तीही नाही, तेवढे पैसे वाचतात, पण मी तरी घेईन.

दरवर्षी कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमानाच्या स्थितीची तपासणी लागते. मेकॅनिककडून करून घेऊ शकता किंवा मुख्य बिल्डर म्हणून फॉर्म ८६१०-२ भरून रिपेअरमन सर्टिफिकेट काढा, वय १८ पूर्ण, आणि एफएएच्या ऑफिसात गप्पांसारखी मुलाखत होते त्यात तीच वही आणि तेच फोटो न्यायचे. हे त्याच एका विमानापुरतं असतं, विमान विकलं तरी सर्टिफिकेट नव्या मालकाकडे जात नाही.

रजिस्ट्रेशन ७ वर्षं चालतं. मध्येच जॉब बदलून घर हलवलंत तर नवा पत्ता ३० दिवसांत रजिस्ट्रीला कळवायचा, कारण रिन्यूअलची नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते.