एसएमपीएस अडखळतो की अडवतो?

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा पाव फेरी मारतो, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डावरचा) दिवा लुकलुकतो आणि सगळं गप्प. मागच्या हिवाळ्यात इंदूरला रामबागेत भाच्याच्या टेबलावर हेच चाललं होतं. आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून सुटे भाग आणून त्यानं आदल्या रात्री कॉम्प्युटर जोडला होता. मी पोहोचेपर्यंत एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाचा, निकाल लागलेला होता: "मामा, नवाकोरा एसएमपीएस, आणि डब्बा निघाला!"

त्याच आठवड्यात सुदामा नगरातून काकूंचा फोन. जुन्या कॉम्प्युटरला नवीन एसएमपीएस बसवलाय, सकाळी चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं, एकदा चालू झाला की दिवसभर तक्रार नाही. त्यांचं निदान बरोबर उलटं: "एसएमपीएस नवा आहे रे, त्याला काय होणार? मदरबोर्डच म्हातारा झालाय."

दोघांचंही चुकलं होतं. भाच्याचा एसएमपीएस धडधाकट होता आणि म्हणूनच बंद पडत होता. काकूंचा नवा असूनही कमजोर होता.

एसएमपीएसमध्ये पहारेकरी बसवलेला असतो. कुठे शॉर्ट झालं किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, की तो क्षणार्धात सगळं बंद करतो. हा झाला अडवणारा. त्याची खूण म्हणजे हट्टीपणा: दर वेळी तेच, तितकाच वेळ, तिथंच थांबणार. बऱ्याचदा तर दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबलात, तरच पुन्हा ती पाव फेरी. अडखळणाऱ्याचा, म्हणजे कमजोर एसएमपीएसचा, असा नेम नसतो. कधी तिसऱ्यांदा चालू होतो, कधी पाचव्यांदा. थंडीत जास्त रडतो, कारण गारठ्यात कपॅसिटरची (आतल्या वीज साठवणाऱ्या भागाची) ताकद घटते. गरम झाल्यावर बंद करून लगेच लावला, तर पहिल्या फटक्यात चालू. काकूंना मी एवढंच विचारलं, "दुपारी बंद करून लावलात तर?" "तेव्हा लागतो की!" म्हणाल्या. निम्मं निदान फोनवरच झालं.

आता पेपरक्लिपची ती प्रसिद्ध चाचणी. मदरबोर्डला लागणाऱ्या 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर पेपरक्लिपनं काळीला जोडायची, पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला, असं सर्रास सांगतात. इथंच सगळ्यांची फसगत होते. मोकळा ठेवलेला अडवणारा फिरणारच, त्याला अडवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आणि अडखळणाराही पुष्कळदा फिरतो, कारण डोक्यावर ओझं नसतं. वर काही नव्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर मुद्दामच बंद राहतो. तो फिरला नाही म्हणून चांगला माल परत करणारेही पाहिलेत.

त्यापेक्षा व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घ्या. सगळं जोडलेलं असू द्या, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूवर धरा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूनं वायरीशेजारून आत सरकवा. जांभळ्या वायरवर कॉम्प्युटर बंद असतानाही 5 व्होल्ट हवेत. ते नसतील तर पुढचं बोलणंच नको. मग हिरवी बघा. बटण दाबल्यावर तिचा व्होल्टेज शून्याजवळ यायला हवा. आला नाही, तर एसएमपीएसला कुणी हाकच मारलेली नाही: दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा मदरबोर्डात. शेवटी राखाडी. सगळे व्होल्टेज जागेवर आले की 100 ते 500 मिलिसेकंदांत एसएमपीएस तिच्यावर 5 व्होल्ट देऊन "झालं, घ्या" असं कळवतो. तोवर मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. पंखे फिरताहेत, स्क्रीन काळी आणि राखाडीवर काही नाही, तर संशय एसएमपीएसवर. 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 पर्यंत चालतं. हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात, तेव्हा रंगाऐवजी पिनांचे क्रमांक मोजा: जांभळी 9, हिरवी 16, राखाडी 8.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

भाच्याकडे मीटर फार लागलाच नाही. मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवली, बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. पहिल्या झटक्यात चालू! कॅबिनेटच्या पत्र्यात डोकावलं, तर मधोमध एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) उभा, वर बोर्डाला भोकच नाही. त्याचं टोक बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकत होतं. खोक्यावरही तो बंद पडला असता, तर प्रोसेसरची 8 पिनांची केबल काढून बघायचं ठरलं होतं. ती काढल्यावर पंखा टिकला असता, तर शॉर्ट त्या बाजूला. जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलींच्या) एसएमपीएसच्या केबली नव्याला लावल्यावरही असंच होतं, किंवा याहून वाईट, कारण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी.

(डीडीआर5 रॅमवाला नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर मिनिटभर ताटकळला, स्वतःच बंद-चालू झाला, तर घाबरू नका. तो रॅम पारखत असतो. चहा टाका.)

काकूंकडे मी घरचा, खात्रीचा एसएमपीएस नेऊन जोडला. तीन दिवस, भर थंडीत, सकाळी एकाच बटणात चालू. त्यांचा तो नवा डबा हातात घेतला, तर लेबलावर 450 वॅट आणि वजन पोह्यांच्या पुड्याइतकं. दुकानदारानं तो टेबलावर क्लिप लावून फिरवून दाखवला, "देखिए, चल तो रहा है." मग मी काकूंना सांगितलं, रात्रभर बंद ठेवा, सकाळी उठल्याबरोबर बटण दाबा आणि सगळा प्रकार फोनवर शूट करा. तो व्हिडिओ पाहून त्यानं मुकाट्यानं बदलून दिला.