पार्श्वभूमी : निदान पक्कं नसलेल्या रुग्णाचा नंबर

मृगाच्या पेरण्या सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हणून येणारी माणसं वाढतात. चावलेली घोणस होती, मण्यार होती की बिनविषारी धामण, हे केसपेपर निघताना बहुतेकदा कोणालाच ठाऊक नसतं. नंबर मात्र तेव्हाच लावावा लागतो.

रांगेचं गणित 1909 साली कोपनहेगनच्या टेलिफोन एक्सचेंजमधून आलं, अग्रक्रमाच्या रांगेचं 1954 साली. ज्याचं थांबणं जास्त नुकसानीचं आणि ज्याचं काम लवकर उरकतं तो आधी, हा नियम पुढे रूढ झाला. पण आलेला माणूस कोणत्या गटातला, हे आधीच कळलंय असं त्यात धरलेलं होतं. 1961 साली एका शोधनिबंधाने हे गृहीतक बाजूला ठेवलं आणि वर्गवारीच चुकत असेल तर काय, हे तपासलं. 2009 साली त्याच प्रश्नावर आणखी पक्कं उत्तर आलं. माणसाला गटात कोंबू नका, तो तातडीचा असण्याची शक्यता किती ते लिहा आणि जास्त शक्यतेचा आधी घ्या. ठरावीक गट कितीही पाडले तरी याहून कमी नुकसान होत नाही.

कॅज्युअल्टीत मात्र दोनच गट परवडतात, तातडीचे आणि बाकीचे. मग सीमा कुठे आखायची, म्हणजे किती शक्यतेच्या वरचा माणूस तातडीचा धरायचा? खरा वाद इथेच आहे. गर्दी वाढली की निकष कडक करायचा आणि संशयिताला बाकड्यावर बसवायचं, ही सर्रास दिसणारी रीत. गणित नेमकं उलट सांगतं. एक डॉक्टर, प्रत्येकाला सारखाच वेळ, आणि शक्यता शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सारख्या पसरलेल्या असं धरा. दवाखाना रिकामा असताना सीमा 50 टक्क्यांवर बसते. डॉक्टर 90 टक्के वेळ गुंतलेला असेल तर ती 24 टक्क्यांच्या आसपास उतरते. कारण गर्दीत उशिराचा जवळजवळ सगळा भार मागच्या गटावर पडतो. म्हणून मागे बसवायचं ते फक्त जो तातडीचा नाही अशी जवळपास खात्री आहे त्याला. ‘सगळेच तातडीचे झाले तर रांगेला अर्थ काय’ हा आक्षेप थकलेल्या कर्मचाऱ्यांकडून येतो, तो समजण्यासारखा आहे. पण सीमा खाली आणली म्हणजे ती पुसली, असं होत नाही.

सर्पदंशात ही खात्री मिळणं फार अवघड. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय बळावतो. नाग आणि मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर काम करतं, त्यामुळे त्यांच्या दंशात रक्त नेहमीसारखं गोठतं. म्हणजे चाचणी चांगली आली, एवढ्यावरून रुग्ण मागच्या गटात जाऊ नये. मण्यार तर रात्री झोपेत चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पोटदुखी किंवा जड पापण्या काही तासांनी सुरू होतात.

2009 च्या मांडणीत एकदा लिहिलेली शक्यता रांगेत बदलत नाही. मण्यारीच्या रुग्णाची बदलते. लक्षण नसलेल्या सर्पदंशाच्या रुग्णालाही 24 तास निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत त्यामुळेच आहे, आणि त्या वेळात त्याचा नंबर पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो.