रिट्रॅक्ट सर्वो आणि साधा सर्वो: डबी सारखी, काम वेगळं

दादर-गिरगावातल्या एखाद्या माळ्यावरून जुनं पॅटर्न विमान, म्हणजे कसरतींसाठीचं रेडिओ-कंट्रोल मॉडेल, खाली उतरतं. चाकं आत जाणारी असतात, पण ती ओढणारा सर्वो, म्हणजे रिसीव्हरच्या इशाऱ्यावर आर्म (छोटी दांडी) फिरवणारी मोटरची डबी, गेलेला असतो. मग हाताशी असेल तो सर्वो तिथे बसवला जातो. स्क्रू बसतात, वायर जुळते, चाकंही हलतात, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ते ठीक नसतं.

ऑस्ट्रियाचा हानो प्रेटनर १९७७ साली ज्या ‘क्युरारे’वर जगज्जेता झाला, ते याच घराण्यातलं विमान. १० सीसीचं इंजिन, वेगवान आणि ऐसपैस कसरती. लटकती चाकं हवेला अडवणार, म्हणून ती पंखात घ्यायची. या यांत्रिक रिट्रॅक्टसाठी, म्हणजे आत घेता येणाऱ्या चाकांसाठी, सर्वोही वेगळाच लागतो.

साधा सर्वो ट्रान्समीटरच्या स्टिकच्या मागोमाग चालतो. स्टिक जेवढी हलेल तेवढाच आर्म हलतो आणि तिथे थांबतो. मधल्यापासून दोन्हीकडे साधारण ४५ अंश, म्हणजे एकूण ९०. एलेरॉनला (पंखावरची हलती फळी), एलिव्हेटरला (शेपटीवरची हलती फळी) हेच हवं. रिट्रॅक्ट सर्वोला मधली जागाच माहीत नसते. स्विच टाकला की तो थेट दुसऱ्या टोकाला जातो, सुमारे १८० अंश फिरून, सावकाश पण जोरात. ट्रान्समीटरवरून त्याची फिरत कमी-जास्त करायला गेलात तर बहुतेकदा काहीच होत नाही.

हे १८० अंश का, ते नीट समजून घ्यायला हवं. दोन्ही टोकांना आर्म आणि पुशरॉड (चाकाकडे जाणारी तार) एका सरळ रेषेत येतात. त्यामुळे चाकाकडून आलेला धक्का आर्मच्या आसातून जातो, आर्मला फिरवू शकत नाही आणि सर्वोच्या गिअरवर भार येत नाही. आसापासून १० मिलिमीटरवरच्या भोकात पुशरॉड लावला तर २० मिलिमीटरची ओढ मिळते. तेच भोक साध्या सर्वोवर जेमतेम १४ देतं. ओढ पुरावी म्हणून पुशरॉड बाहेरच्या भोकात नेला, तरी टोकाला आर्म तिरकाच राहतो.

ओढ जरा चुकली की चाकाच्या यंत्रणेतली पिन खाचेत पुरती बसत नाही, म्हणजे चाकाचं कुलूप लागत नाही. ओढ जास्त झाली तर पिन आधीच टेकते, पण सर्वो ठरलेल्या जागेसाठी धडपडत राहतो, गुणगुणतो आणि बॅटरी खातो. जुन्या विमानात ४.८ व्होल्टची तीच बॅटरी रिसीव्हर आणि एलिव्हेटरही चालवते. माझ्या मते खरा धोका हाच. चाकांविना पोटावर उतरलेलं विमान दुरुस्त होतं; हवेत बॅटरी संपलेलं बहुधा होत नाही.

ओळखायचं कसं? बरेच रिट्रॅक्ट सर्वो पातळ पंखात मावावेत म्हणून चपटे असतात, पण नुसत्या रूपावर जाऊ नका. लॅमिंग्टन रोडवर सर्वो टेस्टर मिळाला तर घ्या आणि त्याची खुंटी हळूहळू फिरवा. साधा सर्वो सोबत सरकतो. रिट्रॅक्ट सर्वो गप्प बसतो आणि मध्येच एकदम पलीकडच्या टोकाला जातो. असा सर्वो एलिव्हेटरला चुकूनही लावू नये. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रिट्रॅक्टमध्ये मात्र साधा सर्वोच असतो, कारण त्याला फक्त व्हॉल्व्ह सरकवायचा असतो. तो काढून यांत्रिक जोडीला लावू नका.

बसवताना पुशरॉड सुटा ठेवा. सर्वोला टोकापर्यंत जाऊ द्या, कुलूप हाताने लावा, आणि मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची आट्यांची चिमटी) अर्धा-अर्धा आटा फिरवत लांबी जुळवा. मुंबईच्या दमट हवेत पुशरॉडची पियानो वायर (पोलादी तार) गंजते आणि नळीत घासते, तीही आधी साफ करा.

चाक पंखातल्या खोबणीत अडकलं तर रिट्रॅक्ट सर्वोही जोर लावत राहतो. बदलापूर-कर्जतकडच्या उंचसखल माळावर उतरताना चाकाची वायर वाकतेच, म्हणून पुन्हा उडवण्याआधी पंख उलटा करून चाकं आत-बाहेर करून बघा. जमलं तर रिट्रॅक्टला वेगळी बॅटरी द्या: सिग्नल तार रिसीव्हरला, ऋण तार रिसीव्हर आणि ती बॅटरी दोन्हींना, धन तार फक्त त्या बॅटरीला.