गिझरचा नॉब कुठे ठेवावा?

डिसेंबर लागला, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पुष्कळ घरांत कुणीतरी गिझरचा नॉब शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवतो. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते, "थंडी हाय की, पाणी लवकर तापू दे." शहापुरातल्या आमच्या घरीही अनेक वर्षे हेच चालत आले. ही समजूत चुकीची आहे, पण ती आली कुठून हे सहज कळण्यासारखे आहे. आपल्या मागच्या पिढ्यांनी आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापवले. मधल्या नळीत आणखी दोन ढलप्या टाकल्या, की जाळ वाढायचा आणि पाणी लवकर तापायचे. गिझरच्या कॉइलची ताकद मात्र ठरलेली असते. नॉब १ वर असो वा ५ वर, २ किलोवॉटची कॉइल दर सेकंदाला तेवढीच उष्णता देते. नॉब ठरवतो ते एवढेच, की तापवणे कोणत्या तापमानाला थांबवायचे.

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. टाकीतले पाणी २० अंशांचे धरले, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी साधारण ०.७ युनिट वीज आणि २१ मिनिटे लागतात. नॉब ७५ अंशांवर असेल, तर तेच काम २९ मिनिटांचे आणि जवळजवळ १ युनिटचे होते. परंतु पहिल्या २१ मिनिटांत दोन्ही गिझरांतले पाणी अगदी सारखेच तापलेले असते.

थांबवण्याचे हे काम थर्मोस्टॅट करतो. त्याच्या एका प्रचलित प्रकारात पाण्यात बुडालेली पितळेची बारीक नळी असते आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची दांडी टोकाशी जोडलेली असते. लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू तापला, तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही. त्याच्या शोधासाठी शार्ल एदुआर गिय्योम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पाणी तापते तशी पितळेची नळी लांबते, आतली दांडी मात्र होती तेवढीच राहते, आणि या दोहोंतल्या फरकाने बटण सुटून वीज तोडली जाते. २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत ४० अंशांच्या वाढीने पडणारा हा फरक जेमतेम ०.१५ मिलिमीटर असतो. आपण नॉब फिरवतो, तेव्हा या केसभर हालचालीने बटण केव्हा सुटावे, तेवढे अंतर कमी-जास्त करत असतो. तुटलेली वीज लगेच परत जोडली जात नाही. पाणी काही अंशांनी निवल्यावरच दिवा पुन्हा लागतो. ही ढील मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर बटण सतत टकटक करत राहील आणि त्याचे संपर्कबिंदू जळून जातील.

मग आकडा कोणता ठेवावा? याचे उत्तर विसणात आहे. आंघोळीला ४० अंशांच्या आसपासचे पाणी पुरते, त्यामुळे गिझरचे पाणी विसण घातल्याशिवाय आपण अंगावर घेत नाही. विसणाचे पाणी २० अंशांचे असेल, तर ५० अंशांच्या १५ लिटर गरम पाण्यापासून आंघोळीजोगे साडेबावीस लिटर पाणी होते, ६० अंशांच्या पाण्यापासून ३० लिटर आणि ७० अंशांच्या पाण्यापासून साडेसदतीस लिटर. म्हणजे नॉब चढवल्याने मिळते ते जास्तीचे पाणी. एकामागून एक पाच जण आंघोळीला बसणार असतील, तर त्याचा उपयोग आहे. दोघांच्या घरात तो नाही.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपण गरम पाणी घेतो तेव्हा गिझर रिकामा होत नाही, खालून थंड पाणी शिरून ते गरम पाण्याला वर ढकलते. त्यामुळे शेवटची आंघोळ चालू असताना बटण चालूच राहिले, तर कुणालाही नको असलेले पाणी पुन्हा पूर्ण तापवले जाते. पूर्ण टाकी नव्याने तापली असे धरले, तर नॉब ७० वर असताना त्यात जवळपास ०.९ युनिट जाते, ५५ वर असताना ०.६. शेवटच्या माणसाने आंघोळीला बसण्यापूर्वीच बटण बंद करावे. साठलेले गरम पाणी वीज नसतानाही नळाला येतेच.

दुसरा विचार खाराचा. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी नळाला पुरेसे येत नाही तिथे बोअरचे पाणी गिझरमध्ये जाते आणि त्यात पुष्कळदा कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापवल्यावर त्याचे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट बनते, आणि पाणी जितके जास्त तापवावे तितके ते जास्त बसते. मागच्या वर्षी आमच्याकडे वायरमनने कॉइल बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर करंगळीएवढा जाड, राखाडी-पांढरा थर होता. त्याचा एक तुकडा बशीत घेऊन वर लिंबू पिळले, तर तो फसफसला. तो बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड होता. असा थर बसला, की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोहोचत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. बोअरच्या पाण्यासाठी ५५ च्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र फार खाली येणेही बरोबर नाही. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात, शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात आणि ६० अंशांना मरतात. घर आठ-दहा दिवस बंद राहिले असेल, तर परत आल्यावर गिझर एकदा ६० पर्यंत तापवून, शॉवर न वापरता ते पाणी बादलीत काढून टाकावे. उलट ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत मोठ्या माणसालाही गंभीर भाजू शकते, आणि लहान मुलांची कातडी त्याहून नाजूक. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि गरम नंतर सोडावे. आपल्याकडची रीत नेमकी उलटी आहे.

नॉबवरचे १ ते ५ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत, ते मोजूनच ठरवावे लागतात. दिवा विझला, की नळीतले पहिले लिटरभर पाणी सोडून द्यावे, मग तांब्याभर घेऊन त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवावा; तापाचा थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही. काही गिझरांत नॉब झाकणाच्या आत असतो. तिथे विजेच्या तारा उघड्या असतात, तेव्हा मेन स्विच बंद करून ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

आमच्या गिझरवर ५५ अंशांची जागा लाल नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणावली आहे. नरक चतुर्दशीला पाहुण्यांसह सगळ्यांच्या आंघोळी उजाडण्यापूर्वी उरकायच्या असतात, त्या एका पहाटे नॉब त्याच्या पुढे जातो आणि दुपारी पुन्हा ठिपक्यावर येतो. एप्रिलमध्ये टाकीतलेच पाणी २८ अंशांच्या आसपास असते, आणि तेव्हा ५० अंशांच्या १५ लिटर पाण्यापासूनही आंघोळीजोगे साडेसत्तावीस लिटर पाणी होते.