सुधारित सायफन

सुधारित सायफन : वरच्या टाकीतला द्रव तिच्या काठावरून चढवून, पंप न लावता आणि टाकीला भोक न पाडता, खालच्या टाकीत उतरवणारी नळीची रचना. साधा सायफन म्हणजे उलट्या ‘यू’ आकाराची उघडी नळी. ती दर वेळी नव्याने भरावी लागते, आणि वरचे तोंड उघडे पडले किंवा माथ्याशी, म्हणजे नळीच्या सर्वांत उंच भागाशी, हवा साचली की प्रवाह तुटतो. सुधारित प्रकारात वरच्या तोंडाला फुट व्हॉल्व्ह (द्रव आत घेणारी पण परत न सोडणारी झडप), खालच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह (दांडी फिरवून उघड-बंद करायची तोटी) आणि माथ्यावर हवाकोठी (नळीतली हवा जमा होण्याची जागा) असते. या तिन्हींचे काम एकच : नळी एकदा भरली की ती भरलेलीच राहावी. सायफन चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा उताराचा नसून नळीत शिरलेल्या हवेचा असतो.

नागपूर परिसरात याचा उपयोग गच्चीवरच्या टाकीतून खालच्या टाकीत किंवा कूलरच्या टपात पाणी उतरवण्यासाठी, २०० लिटरच्या ड्रममधून खाद्यतेल वा डिझेल काढण्यासाठी आणि काटोल-नरखेड भागातल्या संत्राबागांत शेततळ्याचे पाणी बांधावरून खाली नेण्यासाठी होतो. वीज गेली तरी काम थांबत नाही. मात्र ज्या टाकीत द्रव न्यायचा तिच्यातली पातळी पहिलीपेक्षा खाली असलीच पाहिजे. ती वर असेल तर पंपाला पर्याय नाही.

तत्त्व : द्रव वाहतो तो दोन्ही टाक्यांतल्या पातळ्यांच्या फरकामुळे, म्हणजे गुरुत्वामुळे. हवेचा दाब वरच्या टाकीतला द्रव माथ्यापर्यंत चढता ठेवतो आणि नळीतला स्तंभ तुटू देत नाही. म्हणून पातळ्यांचा फरक प्रवाहाचा वेग ठरवतो, तर हवेचा दाब माथ्याच्या उंचीला मर्यादा घालतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस माथा खाली आणण्याच्या खटपटीत पडतो, आणि खरा उपाय, म्हणजे खालची टाकी आणखी खाली ठेवणे, राहून जातो.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब साधारण १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. उन्हाळ्यात टाकीतले पाणी ४० अंश सेल्सियसपर्यंत तापले, तर त्याचा बाष्पदाब (त्याच्या वाफेचा दाब) ७.४ किलोपास्कल होतो आणि त्या १० मीटरांतले पाऊण मीटर वजा होते. वेग आणि घर्षण यांसाठीही काही भाग खर्ची पडतो. त्यामुळे वरच्या पातळीपासून माथा ६ मीटरपेक्षा उंच ठेवू नये. घरगुती कामात तो क्वचितच एक मीटरपलीकडे जातो. शेततळ्यावर मात्र हे गणित आधी मांडावे लागते, कारण तळे उतरत जाते तसा माथा पाण्यापासून वर वर जातो.

रचना : घरगुती मापासाठी एक इंची (२५ मिमी) नळी योग्य. माथा लवचिक नळीचा करू नये. कडक पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो (काटकोनी वळणे) आणि मधोमध एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून तो बनवावा, म्हणजे काठावर नळी मोडून बसत नाही. टीचे मोकळे तोंड वर ठेवून त्यावर अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, त्याच्या वर ५० मिमी व्यासाचा ३० सेंमी लांब उभा पाइप आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. हा उभा पाइप म्हणजे हवाकोठी. तिच्यात सुमारे ६०० मिली द्रव मावतो. ती पारदर्शक पाइपची केली, तर आत किती हवा जमली आहे ते बाहेरून दिसते. दोन्ही पायांसाठी, म्हणजे माथ्यापासून दोन्ही टाक्यांत उतरणाऱ्या भागांसाठी, जाळी विणलेली ब्रेडेड नळी घ्यावी. बागेत वापरतात ती मऊ हिरवी नळी उन्हात आणखी मऊ होते आणि आतल्या कमी दाबाने चपटी पडते. प्रवाह अचानक निम्म्यावर आला तर आधी नळी चाचपून पाहावी.

फुट व्हॉल्व्ह झडपेचा किंवा गोळीचा असावा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडण्यातच पातळीच्या फरकाचा काही भाग खर्च होतो, आणि फरक वीत-दीड वीत उरला की तो उघडतच नाही. फुट व्हॉल्व्हच्या तोंडावरच्या जाळीच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या किमान तिप्पट हवे. हे सगळे सामान इतवारी-गांधीबागेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. आटे असलेल्या सांध्यांना टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, पीव्हीसीच्या सांध्यांना सॉल्व्हंट सिमेंट आणि नळीच्या टोकांना स्टीलची क्लिप लावावी.

चालू करण्याची रीत : फुट व्हॉल्व्ह वरच्या टाकीच्या तळापासून ८ ते १० सेंमी वर टांगावा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. खालचा व्हॉल्व्ह बंद करावा. हवाकोठीचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडून वरून नरसाळ्याने पाणी सोडावे. एक इंची नळीत दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावते, म्हणून ६ मीटर नळी आणि कोठी मिळून साडेतीन ते चार लिटर लागतात. पाणी सावकाश ओतावे. घाई केली तर उतरत्या पायात हवेची गाठ अडकते. नळीवर हाताने थापट्या मारत राहिले की बुडबुडे वर येतात. कोठी काठोकाठ भरली की डोक्यावरचा व्हॉल्व्ह बंद करावा, कोठीखालचा उघडाच ठेवावा आणि मग खालचा व्हॉल्व्ह हळूहळू, शेवटी पूर्ण उघडावा.

प्रवाह कमी करायचा असेल तर खालच्या व्हॉल्व्हनेच करावा. वरच्या तोंडाशी किंवा माथ्याजवळ अडवणूक केली, तर माथ्यावरचा दाब आणखी उतरतो, पाण्यात विरघळलेली हवा सुटते आणि बारीक गळतीतूनही हवा आत ओढली जाते. थांबवायचे तेव्हाही खालचा व्हॉल्व्ह बंद करावा. दुसऱ्या दिवशी तो नुसता उघडला की सायफन पुन्हा सुरू होतो. वाहत्या सायफनमध्ये माथ्यावरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडले की हवा शिरून तो तुटतो. तातडीने तोडायचा असेल तेव्हाच तसे करावे.

हवाकोठीचे खरे मोल प्रवाह चालू असताना कळते. तिच्यात हवा साचली, की खालचा छोटा व्हॉल्व्ह बंद करावा, वरचा उघडून कोठी पाण्याने भरावी, वरचा बंद करून खालचा पुन्हा उघडावा. कोठीतले पाणी नळीत उतरते आणि नळीतली हवा वर चढते, प्रवाह न थांबवता. क्रम उलटा झाला, म्हणजे खालचा उघडा असताना वरचा उघडला, तर सायफन तुटलाच.

किती पाणी जाते : ६ मीटर लांब, एक इंची नळी आणि पातळ्यांत १ मीटर फरक असेल, तर मिनिटाला ३५ ते ४० लिटर पाणी जाते. फरक पाव मीटर झाला की हा आकडा निम्म्यावर येतो, कारण प्रवाह फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पातळ्या एकमेकींजवळ येत शेवटी समान होणार असतील, तर एकूण वेळ सुरुवातीच्या प्रवाहावरून काढलेल्या वेळेच्या दुप्पट धरावा. अर्धा इंची नळी याच परिस्थितीत मिनिटाला जेमतेम ७ लिटर देते, दोन इंची १८० ते १९० लिटर. पैसे व्हॉल्व्हच्या चकाकीपेक्षा नळीच्या व्यासावर खर्च करावेत.

तेलाचे गणित वेगळे. घट्ट द्रवात प्रवाह फरकाच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचे तेल ३० अंशांना वरच्याच एक इंची नळीतून मिनिटाला १५ ते २० लिटर उतरते. हिवाळ्यातल्या थंड सकाळी ते १० लिटरच्या आसपास येते. तेलाचा सायफन तेलानेच भरावा, पाण्याने कधीही नाही.

काय बिघडते : माथ्याजवळची गळती सगळ्यांत फसवी. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने पाणी टपकत नाही. उलट हवा गुपचूप आत जाते. संशयित सांध्यावर साबणाचा घट्ट फेस लावावा. तो आत ओढला गेला तर दोष सापडला. काम सुरू करण्यापूर्वी नळी भरून, दोन्ही टोके बंद ठेवून रात्रभर सोडावी. सकाळी कोठीत हवा दिसली तर सांधे पुन्हा बसवावेत.

वरची पातळी उतरून तोंडावर नळीच्या व्यासाच्या तीन-चार पटींहून कमी पाणी उरले की भोवरा पडतो आणि हवा ओढली जाते. तोंडावर आडवी चकती किंवा फुलीच्या आकाराच्या दोन पट्ट्या बसवल्या की भोवरा मोडतो. बुडबुडे उतरत्या पायातून वाहून जाण्यासाठी एक इंची नळीत सेकंदाला सुमारे अर्धा मीटर, तर चार इंची पाइपात एक मीटरच्या जवळपास वेग लागतो. म्हणजे फार मोठा पाइप घेऊन त्यातून थोडेच पाणी सोडले, तर हवा माथ्याशीच रेंगाळते. बोअरच्या जड पाण्याने फुट व्हॉल्व्हच्या गोळीवर क्षाराचा थर बसतो आणि नळी रातोरात रिकामी होते. व्हॉल्व्ह काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवला की थर सुटतो.

दोन टाक्यांची पातळी सारखी ठेवणारा सायफन : गच्चीवर शेजारी ठेवलेल्या टाक्यांना भोक न पाडता जोडायचे असेल तर फुट व्हॉल्व्ह चालत नाही, कारण पाणी दोन्ही दिशांनी जावे लागते. इथे दोन्ही तोंडे एकेका पेल्यात ठेवतात आणि दोन्ही पेल्यांचे काठ एकाच उंचीवर घेतात. टाक्या पेल्यांच्या काठाखाली उतरल्या तरी तोंडे पाण्यातच राहतात. नागपुरात मे महिन्यात उघडे पाणी दिवसाला सेंटीमीटरभर उडून जाते, म्हणून पेले १५ सेंमी तरी खोल हवेत.

शेततळ्यावर : प्लास्टिकचे अस्तर न फाडता पाणी काढता येते, हा मोठा फायदा. ६३ मिमीचा ३० मीटर एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप २ मीटर फरकावर मिनिटाला सुमारे २५० लिटर देतो. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या संत्र्याच्या) फळांना एप्रिल-मेमध्ये आळ्यातून पाणी द्यायला किंवा खालची टाकी भरायला एवढे पुरते. ठिबक संचाला साधारण १० मीटर पाण्याइतका दाब लागतो. तो या उतारातून मिळत नाही, आणि तशी आशा दाखवून सायफन विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सुरक्षितता : डिझेल, रॉकेल, आम्ल किंवा कीटकनाशक तोंडाने कधीही ओढू नये. डिझेल-रॉकेलचा एखादा घोट चुकून फुप्फुसात गेला तर जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि अशा वेळी उलटी करवणेही घातक ठरते. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. छोट्या कामासाठी पितळी तोंडात काचेची गोळी असलेली झटका-नळी वापरावी. तोंड द्रवात ठेवून दहा-पंधरा वेळा जोरात वर-खाली हलवले की गोळी झडपेसारखी काम करते आणि नळी भरते. मात्र काठ द्रवापासून अर्धा-पाऊण मीटरपेक्षा उंच असेल तर ती नीट भरत नाही. पेट्रोल प्लास्टिकच्या नळीतून उतरवू नये. वाहताना स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते.

नको असलेला सायफनही घडतो. नळाला लावलेली नळी कूलरच्या टपात बुडवून ठेवली आणि मुख्य वाहिनीतला दाब गेला, तर टपातले घाण पाणी उलटे घराच्या पिण्याच्या नळात येते. नळीचे टोक टपातल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट वर, मोकळ्या हवेत बांधून ठेवावे.