‘ड्रिल’ म्हणजे नेमकं काय : फुटबॉलच्या ट्रेनिंग सेशनमागची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरमध्ये कोणी नवा कोच लायसन्सचा कोर्स करून परत आला की ग्राउंडवर एक वाद ठरलेला असतो. कोर्समध्ये त्याला सांगितलेलं असतं की ड्रिल कमी करा, पोरांना खेळू द्या, आणि इथे आल्यावर सीनियर सर म्हणतात की ड्रिल घोटून घेतल्याशिवाय पोरगं तयार होत नाही. दोघंही शब्द एकच वापरतात पण दोघांच्या डोक्यात चित्र वेगळं असतं, आणि सेशन प्लॅन करताना निम्मा घोळ तिथेच होतो. म्हणून हा शब्द आधी नीट बघायला हवा.

ड्रिल हा मुळात फुटबॉलचा शब्दच नाही. तो फौजेचा. इंग्रजीत तो डच भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ भोक पाडणे, गरगर फिरवणे आणि त्यावरून शिपायांना तयार करणे. सोळाव्या शतकाच्या शेवटी डच सैन्यात बंदूक भरण्याच्या हालचाली तोडून तोडून, हुकमावर, सगळ्यांकडून एकदमच करून घ्यायची पद्धत बसली आणि तीच पुढे युरोपभर गेली. आपल्याकडे त्याला कवायत म्हणतात, आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही, महादजींच्या कवायती पलटणी युरोपियन अधिकाऱ्यांनी उभ्या केल्या हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. कवायत शब्द अरबीतून आला, मूळ अर्थ नियम. आता याच्या शेजारी तालीम ठेवून बघा. तोही अरबीच, पण अर्थ शिक्षण, आणि मराठीत पैलवानाच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या रिहर्सललाही. आखाड्यात समोर जोडीदार असतो, तो ढकलतो, पाय ओढतो, फसवतो, आणि डाव त्याच्यावरच बसवायचा असतो. कवायतीत समोर कोणी नसतं, फक्त हुकूम असतो. मला वाटतं फुटबॉलच्या सेशनला आपण पहिल्यापासून तालीम म्हणालो असतो तर अर्धा वाद उरलाच नसता, पण शाळेत पीटीच्या तासाला सावधान-विश्राम आलं ते फौजेकडून, आणि फुटबॉल शिकवायचं काम त्याच पीटीच्या सरांकडे गेलं, त्यामुळे रांग, शिट्टी आणि एकामागून एक नंबर ही मांडणी खेळाबरोबर फुकटात चिकटली.

अर्थात एक गोष्ट मान्य करायलाच हवी. रांग ही फक्त सवयीने आली नाही, बॉल कमी होते म्हणूनही आली. चाळीस पोरं आणि दोन बॉल असतील तर कोच दुसरं काय करणार. पण आज जिथे दहा-बारा बॉल जाळीत भरून आणलेले असतात तिथेही वीस पोरं एका गोलसमोर रांगेत उभी दिसतात, आणि साधा हिशोब करा, दर पंधरा सेकंदाला एक शॉट धरला तर प्रत्येक पोराचा नंबर पाच मिनिटांनी येतो, म्हणजे वीस मिनिटांच्या शूटिंगमध्ये चार शॉट. बाकी वेळ तो समोरच्याच्या टी-शर्टची कॉलर ओढतोय आणि कोच त्यालाच ओरडतोय.

जुना काळ थोडक्यात. इंग्लंडच्या क्लबांमध्ये बरीच वर्षं अशी समजूत होती की आठवडाभर बॉल दिला नाही तर शनिवारी खेळाडू बॉलसाठी भुकेला राहतो, म्हणून ट्रेनिंग म्हणजे पळणे. १९५३ साली वेम्बलीवर हंगेरीने त्यांना ६-३ ने हरवलं आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टला ७-१ ने, तेव्हा कुठे लोकांनी विचारायला सुरुवात केली की हे लोक बॉल घेऊन ट्रेनिंग करतात तरी कसं. आपल्याकडेही त्याच काळात भारताच्या संघाने १९५१ आणि १९६२ चं एशियाडचं सुवर्ण आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर मिळवला, आणि त्यामागे हैदराबादचे एक शाळामास्तर होते, ते पोरांना दोन्ही पायांनी खेळायला लावण्यासाठी ओळखले जायचे. १९६७ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचं कोचिंगचं मोठं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि त्यात पहिल्यांदा व्यवस्थित मांडलं गेलं की अटॅकची आणि डिफेन्सची काही तत्त्वं असतात, सपोर्ट (बॉलवाल्याला साथ), विड्थ (मैदानाची रुंदी वापरणे), डिले (समोरच्याला अडवून उशीर करवणे), बॅलन्स (मागची जागा सांभाळणे) वगैरे, आणि सेशन या तत्त्वांभोवती आखायचं असतं. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

ग्वाल्हेरचा धागा १९५७ चा. १८५७ ला शंभर वर्षं झाली म्हणून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं कॉलेज इथे निघालं, आणि पीटीचे मास्तर म्हणजे रिटायर्ड हवालदार हे समीकरण बदलायला त्यामुळे मोठी मदत झाली. डिग्री घेतलेला शिक्षक आला आणि त्याच्याबरोबर लेसन प्लॅन आला. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री केलेल्या कोणालाही विचारा, त्याला तो तोंडपाठ असतो: असेंब्ली, वॉर्म-अप, डेमो, एक्स्प्लनेशन, प्रॅक्टिस, करेक्शन, मग शेवटी लीड-अप गेम, म्हणजे शिकलेलं वापरायचा छोटा खेळ, आणि डिसमिस. आपल्या भागातल्या बहुतेक कोचच्या डायरीत आजही हाच सांगाडा दिसतो. सांगाडा वाईट नाहीये, वेळेचं भान देतो, सेफ्टीचं भान देतो. पण त्यात खेळ सगळ्यात शेवटी आहे, आणि उशीर झाला की कापला जातो तोही खेळच. पोरगं घरून ज्याच्यासाठी येतं तेच कापलं जातं.

खरा धक्का १९८२ चा. इंग्लंडमधल्या लफबरो युनिव्हर्सिटीच्या दोन प्राध्यापकांनी लिहिलं की शाळेत पोरं टेक्निक शिकतात पण खेळ त्यांना समजत नाही, म्हणून उलटं करा, आधी छोटा सोपा खेळ द्या, त्यात पोराला अडचण येऊ दे, काय करायचं ते त्याला सुचू दे, आणि मग त्या अडचणीपुरतं स्किल शिकवा. त्याच सुमारास हॉलंडमध्ये दोन विचार आमनेसामने होते. एका डच कोचने मोठ्या खेळाडूंचे डाव फिल्मवर बघून, तोडून, प्रत्येक पोराला स्वतःचा बॉल देऊन ते घोटवण्याची पद्धत काढली. दुसरीकडे तिथल्या फुटबॉल संघटनेतली माणसं म्हणत होती की गल्लीतला फुटबॉल संपत चाललाय, तो ग्राउंडवर परत आणायचा असेल तर चार विरुद्ध चार खेळवा, त्यात पास, ड्रिबल, डिफेन्स सगळंच सतत येतं. म्हणजे ज्या भाषेने ड्रिल शब्द दिला त्याच देशात ड्रिल हटवायची सगळ्यात मोठी खटपट झाली. पहिल्या पद्धतीवर मी अन्याय करणार नाही. प्रत्येकाला एक बॉल ही गोष्ट रांगेपेक्षा हजारपटीने बरी, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराला बॉलशी दोस्ती करायला एकट्याने वेळ लागतोच. पण समोर डिफेंडर नसताना शिकलेला टर्न मॅचमध्ये कधी वापरायचा हे पोराला कळत नाही, आणि हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

पुढे हे देशाच्या पातळीवर गेलं. बेल्जियमने २००० नंतर पोरांच्या मॅचेस शूट करून मोजलं तेव्हा दिसलं की मोठ्या टीममध्ये लहान पोरांना बॉल फारसा मिळतच नाही, मग २ विरुद्ध २, ५ विरुद्ध ५, ८ विरुद्ध ८ असा जिना केला आणि अगदी लहानांचे पॉइंट टेबल बंद केले. इंग्लंडमध्ये २०१२ ला फुटबॉल संघटनेत मतदान होऊन एका बाजूला ५, मग ७, मग ९ पोरं असे टप्पे आले. जर्मनीत २०२४-२५ च्या सीझनपासून अगदी लहानांना चार छोट्या गोलवर २ विरुद्ध २ किंवा ३ विरुद्ध ३ सक्तीचं झालं, आणि तिथे तर संघटनेतल्याच एका मोठ्या पदाधिकाऱ्याने जाहीरपणे विरोध केला की हरल्याशिवाय पोरं शिकणार कशी. हा आक्षेप आपल्या पालकांचाही आहे आणि तो बिनबुडाचा नाही. पण टेबल बंद म्हणजे हार-जीत बंद नव्हे, ३ विरुद्ध ३ मध्ये पोरगं एका सकाळीच पाच-सहा वेळा जिंकतं किंवा हरतं.

मोठ्यांच्या सेशनवर मात्र दुसरीकडून परिणाम झाला. सोव्हिएत काळातलं पिरियडायझेशन, म्हणजे ट्रेनिंगची टप्प्याटप्प्याने आखणी, वर्षाचं, ऑलिंपिकच्या तारखेकडे बघून केलेलं. फुटबॉलला दर आठवड्याला मॅच, त्यामुळे पोर्तुगालच्या पोर्टो शहरातल्या एका प्राध्यापकाने वर्षाऐवजी आठवडा धरला: मॅचनंतर रिकव्हरी, मग एक दिवस छोट्या जागेत थांबत-थांबत जोराचं काम, एक दिवस मोठ्या मैदानावर, एक दिवस वेगाचं, आणि सगळं आपल्या खेळण्याच्या पद्धतीतूनच. २००४ ला पोर्टोचा क्लब युरोपचा चॅम्पियन झाला आणि हा आठवडा जगभर कॉपी झाला. आपल्याकडेही तो तक्ता फोनवर फिरतो, पण ज्या पोरांचं ट्रेनिंग आठवड्यातून तीनच दिवस आहे आणि मॅच महिन्यातून एक, त्यांना तो लावून काही उपयोग नाही.

वॉर्म-अपचंही तसंच बदललं. आधी ग्राउंडला चार चक्कर आणि उभ्याने स्ट्रेचिंग एवढंच असायचं. २००६ च्या सुमारास १५ व्यायामांचा, वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप तयार झाला, आणि २००७ च्या सीझनमध्ये नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर तो करून बघितला तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी निघाल्या. यात चक्कर मारण्यापेक्षा एका पायावर तोल आणि नीट उडी-लँडिंग यावर भर आहे आणि बॉलही फारसा लागत नाही, त्यामुळे बॉलची जाळी यायला उशीर झाला तरी हा सुरू करता येतो.

ग्वाल्हेरला मात्र वेळेचा प्रश्न उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ ला जातो, २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये पाण्याचे ब्रेक आले ते याहून कितीतरी कमी तापमानात, फक्त तिथे दमटपणाही मोजला होता. इथे सकाळी साडेपाच ते पावणेसात एवढाच वेळ कामाचा, म्हणजे पंचाहत्तर मिनिटं, त्यातली दहा तरी पाण्याला जायलाच हवीत आणि पंधरा-वीस वॉर्म-अपला. उरलेल्या पंचेचाळीसमध्ये रांगेतलं शूटिंग बसवायचं की चार छोटे गोल लावून दोन मैदानं करायची, हे आता ग्वाल्हेरच्याच मुरार भागातल्या काही कोचनी रात्रीच ठरवायला सुरुवात केलीये, आणि डायरीत पहिल्या ओळीत आता ड्रिलचा नंबर नसतो, किती पोरं येणार आणि किती बॉल आहेत ते असतं.