लकडी पुलाला लाकूड नाही, नवा पूल नवा नाही

मागच्या पावसाळ्यात आतेभाऊ साताऱ्याहून पुण्यात आला. मी फोनवर शहाणपणा केला आणि अधिकृत नाव सांगितलं, "संभाजी पुलाशी उतर, मी घ्यायला येतो." तासाभराने त्याचा फोन, "दादा, पुलावर उभा आहे. समोर महापालिकेची इमारत दिसतेय. तू कुठेयस?" मी अलका टॉकीजच्या बाजूला भिजत उभा होतो. रिक्षात बसेपर्यंत त्याच्या डोक्यात संभाजीचा शिवाजी झाला होता आणि रिक्षावाल्याने त्याला अगदी बरोबर शिवाजी पुलावर सोडलं होतं. दोघांत अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण पावसातल्या पुण्यात ते पुरे होतं.

चूक त्याची नव्हे, नावांची. मुठेवर पूल पुष्कळ आहेत, पण सगळ्यात जास्त घोळ या दोघांचा. कागदावर एकाला बापाचं नाव, दुसऱ्याला लेकाचं, आणि घाईत ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच. बोलण्यात मात्र पुणेकर ही नावं फारशी घेतच नाहीत. संभाजी पूल म्हणजे लकडी पूल आणि शिवाजी पूल म्हणजे नवा पूल. आता गंमत अशी की लकडी पुलाला औषधालाही लाकूड नाही आणि नव्या पुलाने शंभरी ओलांडली आहे.

लकडी पुलाची गोष्ट पानिपतापासून सुरू होते. 14 जानेवारी 1761 ला तिकडे सगळं संपलं आणि उरलेसुरले लोक पुण्याकडे परतू लागले. त्यांना नदी ओलांडता यावी म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या हुकमावरून मुठेवर घाईघाईने लाकडी पूल उभारला, असं सांगतात. काही जण त्यात 'रातोरात' हा शब्दही घालतात. हरलेल्या माणसांना गावातून तोंड दाखवत जावं लागू नये म्हणून ही वेगळी वाट केली, असंही ऐकायला मिळतं. 'रातोरात' मला तरी सांगणाऱ्याच्या पदरचं वाटतं. नदीवरचा पूल म्हणजे मांडवाचे खांब नव्हेत. पण घाई खरी असणार. खुद्द नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. लाकूड पुढे गेलं, दगड आला, नाव तेवढं राहिलं. तेही 'लाकडी' नाही, 'लकडी'. पुण्यात कोणी 'लाकडी पूल' म्हणाला की तो बाहेरचा आहे, हे लगेच ओळखू येतं.

नव्या पुलाला अशी हुरहूर लावणारी कथा नाही. तो 1923 सालचा, दगडी कमानींचा, इंग्रजी अमदानीतला. तेव्हाचं नाव लॉइड ब्रिज, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून. या गृहस्थांचं नाव भाटघरच्या धरणालाही होतं आणि तिकडे सिंधमध्ये सक्खरच्या बंधाऱ्यालाही. आज पुण्यात लॉइड म्हटलं तर कोणी एसीचं दुकान दाखवेल. पूल आला तेव्हा तो नवा होता, म्हणून लोक नवा म्हणाले. मग त्याच्यानंतर मुठेवर कितीतरी पूल झाले तरी नाव बदलायची तसदी कोणी घेतली नाही. कमानी बघायच्या असतील तर पुलावरून जाऊ नका, नदीपात्रातल्या रस्त्यावरून बघा. वरून जाताना तो फक्त एक गर्दीचा रस्ता वाटतो.

ओळखायची माझी खूण सोपी आहे. शिवाजी पुलावरून शिवाजीनगरकडून शनिवारवाड्याच्या बाजूला उतरलात की पुढे लागतो तो शिवाजी रस्ता, दगडूशेठवरून थेट स्वारगेटकडे जाणारा. म्हणजे शिवाजीनगर, शिवाजी पूल, शिवाजी रस्ता, सगळं एका माळेत. बसच्या पाटीवर 'मनपा' दिसलं की इकडचा पूल. संभाजी पूल डेक्कनचा. तिथेच संभाजी महाराजांचा पुतळा आहे, जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानही आहे. पुलाच्या डेक्कनच्या टोकाला खंडुजीबाबा चौक, दुसऱ्या टोकाला टिळक चौक, ज्याला सगळे अलका चौक म्हणतात. तिथे लक्ष्मी रस्ता येऊन मिळतो.

आणि लक्ष्मी रस्त्यामुळेच या दोघांत लकडी पुलाचा मान मोठा. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्याने येऊन याच पुलावरून पेठांत शिरतात. गणपतीत उलटं: अनंत चतुर्दशीची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात येते आणि पुलाजवळच्या घाटांवर विसर्जन होतं. त्या दिवशी पुलाच्या कठड्याशी उभं राहायला जागा मिळाली तर नशीब. डेक्कनहून पात्राच्या कडेने जाणारी मेट्रोची मार्गिका या पुलाच्या डोक्यावरून तिरपी जाते. 2021 मध्ये तिच्या उंचीवरून गणेश मंडळांनी आक्षेप घेतला होता: उद्या विसर्जनाचे उंच रथ खालून जाणार कसे? दुसऱ्या कुठल्या पुलावरून एवढी चर्चा झाली असती असं मला वाटत नाही. याच पुलावर वर्षानुवर्षं दुचाकीला मनाई होती. परगावच्या माणसाला ते बहुधा पावती हातात पडल्यावरच कळायचं. मलाही कळलं ते तसंच.

पाण्याने मात्र दोघांना सारखंच वागवलं. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि तो लोंढा मुठेच्या पात्रातून शहरात घुसला. नदी लकडी पुलाकडून नव्या पुलाकडे वाहते, त्यामुळे पहिला तडाखा लकडी पुलाला. तो पाण्याखाली गेला, काठच्या पेठा बुडाल्या. नव्या पुलानेही तो लोंढा झेलला आणि त्याच्यावरून आजही बस जातात. हल्ली खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बातमी होते ती या दोघांची नाही, मधल्या बुटक्या भिडे पुलाची. तो पाण्याखाली जातो आणि निम्मं पुणं लकडी पुलावर गाड्या हळू करून ते बघतं.

आतेभाऊ त्या दिवशी शेवटी पायीच आला, पात्रातला रस्ता पाण्यात होता म्हणून पेठांतून वळसा घेऊन. मला बघताच पहिलं वाक्य, "लकडी पूल म्हणाला असतास तर शेंबड्या पोरानेही आणून सोडलं असतं."